पिल्लाच्या गळ्यातली घरघर

२०२० च्या फेब्रुवारीअखेरीस हैदराबादेत एका व्यासपीठावर तेलंगणाचे मंत्री लोकांसमोर चिकन खात उभे होते. के. टी. रामाराव त्यांत होते. कोंबडीमुळे कोरोना होतो अशी वावडी मोबाइलवरून घरोघर पोचली होती आणि चिकनचे भाव धडाधड खाली आले होते. महाराष्ट्रातही त्या दिवसांत पोल्ट्रीवाल्यांनी तयार कोंबड्या मिळेल त्या भावाला काढल्या, काहींनी फुकट वाटल्या. मंत्री सांगत होते ते खरंच होतं. माणसांतल्या त्या साथीशी कोंबडीचा संबंध नव्हता. पण कोरोना या विषाणूकुळाची विज्ञानाला पहिली ओळख करून दिली ती कोंबडीच्या पिल्लानंच, ही गोष्ट त्या गदारोळात सांगायची राहून गेली.

१९३१ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटात शाल्क आणि हॉन यांनी अगदी कोवळ्या पिल्लांच्या एका नव्या श्वसनरोगाची नोंद केली. पिल्लं मान वर करून, चोच वासून हवा ओढत होती आणि गळ्यातून घरघर ऐकू येत होती. १९३७ साली बोडेट आणि हडसन यांनी त्याचा विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवून दाखवला. या कुळाला कोरोना हे नाव मिळायला १९६८ साल उजाडलं. पोल्ट्रीवाले या रोगाला नुसतं ‘आयबी’ म्हणतात, म्हणजे इन्फेक्शस ब्रॉन्कायटिस. माणसाला त्याची बाधा होत नाही. पिल्लाला होते, आणि एकाला झाली की दोन-तीन दिवसांत सगळ्या शेडला होते.

हा लेख त्या पिल्लाच्या श्वासनळीविषयी आहे; नळीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी कशा मरतात याविषयी आहे. विषय फार बारीक वाटेल. पण या विषयाभोवती वाचताना, शेडमध्ये आणि शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभं राहताना माझं एक मत पक्कं होत गेलं. विषाणू पेशी मारतो आणि म्हणून पिल्लू मरतं, एवढ्यानं उलगडा होत नाही. पेशी केव्हा मरते आणि कशी मरते, यावर पिल्लाचं जगणं ठरतं. काही पेशींनी वेळेवर मरणं हाच पिल्लाचा बचाव असतो. हा बचाव टिकतो की कोसळतो, हे पुष्कळदा शेडमधल्या हवेवर अवलंबून असतं, आणि ती हवा माणसाच्या हातात असते.

हैदराबादेत या गोष्टीला वजन येतं, कारण भारतातल्या पोल्ट्रीची बरीच मुळं याच मातीत आहेत. हैदराबादच्या बी. व्ही. राव यांनी १९७१ साली पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, १९८२ साली अंड्याच्या भावासाठी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी केली. अंड्याचा रोजचा भाव आजही याच समितीच्या नावानं निघतो. शहराच्या दक्षिणेला राजेंद्रनगरात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं कुक्कुट संशोधन संचालनालय आहे. आपल्या खेड्यांत परसात फिरणारी वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती तिथल्याच. गच्चीबावलीला राष्ट्रीय पशू जैवतंत्रज्ञान संस्था आहे, कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या विषाणूवर तिथे काम चालतं. दरवर्षी हायटेक्सच्या मैदानावर पोल्ट्रीचं मोठं प्रदर्शन भरतं. त्यात नाशिक-सांगलीकडचे पोल्ट्रीवाले हमखास भेटतात आणि मराठी कानावर पडत राहते.

मराठी शेडमध्येही ऐकू येते. शादनगरच्या बाजूच्या एका शेडवर देखरेख करणारा माणूस देगलूरकडचा निघाला. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता; त्या गावांना कामासाठी हैदराबाद आजही जवळचं. पिल्लं आठ दिवसांची होती. ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली, तुसाच्या अंथरुणावर, पिवळा गालिचा हलावा तशी. मी विचारलं, आजार आल्याचं पहिल्यांदा कळतं कसं? तो म्हणाला, “ताई, दिवसा काय कळतंय? पंख्याचा आवाज, खाद्याचा आवाज. रात्री लाइट बंद करायची अन् दारात उभं राह्याचं. बोलायचं नाही. एक जरी शिंकलं ना, सकाळी डॉक्टरला फोन.” त्याच्या लेखी रोगांची नावं तीन-चारच: आरडी म्हणजे राणीखेत, आयबी, सीआरडी आणि अलीकडे ‘एच नाइन’. त्यातला सीआरडी हा मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा. बाकी तिन्ही विषाणूंचे. अंधारात कानाला चौघांतला फरक कळत नाही. घरघर सगळ्यांचीच सारखी.

फरक शोधायला टेबलापाशी जावं लागतं. पोल्ट्रीत त्याला ‘पीएम करणं’ म्हणतात. तीनेक आठवड्यांचं मेलेलं पिल्लू पशुवैद्यकाच्या हाताखाली होतं. कात्रीचं एक पातं चोचीच्या कोपऱ्यातून आत गेलं आणि सरळ श्वासनळी उभी चिरत खाली उतरलं. निरोगी पिल्लाची नळी आतून पांढुरकी, ओलसर, चकचकीत असते. या पिल्लाची वरच्या भागात लाल, तिच्यावर चिकट कफाचा थर. नळीला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे कात्री अडली. चिमट्यानं ओढल्यावर एक पिवळट, घट्ट, नळीच्याच आकाराचा तुकडा सलग बाहेर आला. पशुवैद्यकानं तो बोटावर घेऊन दाखवला. कफ, रक्तातून झिरपलेलं फायब्रिन आणि मेलेल्या पेशी, एवढाच त्याचा ऐवज. पिल्लाचा श्वास कोंडला होता तो याच बुचानं. एच-नऊ-एन-दोन, म्हणजे शेडमधला ‘एच नाइन’, हा सौम्य समजला जाणारा बर्ड फ्लूचा प्रकार आयबीच्या किंवा ई. कोलाय जिवाणूच्या जोडीनं येतो तेव्हा असं बूच सापडतं.

त्या बुचातली प्रत्येक पेशी काही दिवसांपूर्वी नळीच्या भिंतीवर काम करत होती. पक्ष्याची श्वासनळी आतून लव असलेल्या पेशींनी मढलेली असते. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर सूक्ष्म केस असतात आणि ते एका लयीत, एकाच दिशेला हलत असतात. त्यांच्यावर कफाचा पातळ पापुद्रा तरंगतो. धूळ, तूस, जिवाणू त्या पापुद्र्याला चिकटतात आणि हलणारे केस सगळं वर गळ्याकडे ढकलतात. शेडमधल्या हवेत जन्मभर राहणाऱ्या पिल्लाला हे झाडणं क्षणभरही थांबवून चालत नाही. त्यात पक्ष्याला छातीपोटामधला पडदा नाही, फुप्फुसं बरगड्यांना चिकटून जागच्या जागी असतात आणि हवा पुढे नऊ पिशव्यांतून पोटापर्यंत खेळते. नळीत अडवलं गेलं नाही ते थेट तिथवर पोचतं. उरलेली फौज थोडी. सस्तन प्राण्यांच्या फुप्फुसात पहारा देणाऱ्या भक्षक पेशी जितक्या सापडतात, तितक्या कोंबडीच्या निरोगी फुप्फुसात सापडत नाहीत.

प्रयोगशाळेत हे केस प्रत्यक्ष पाहता येतात. उबवणीच्या एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी अंड्यातल्या भ्रूणाची श्वासनळी काढून तिच्या पातळ चकत्या करतात आणि पोषक द्रवात ठेवतात. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली चकतीच्या आतल्या कडेनं सगळीकडे सळसळ चाललेली दिसते. द्रवात आयबीचा विषाणू टाकला की काही दिवसांत सळसळ तुटक होते, मग एखाद्याच कोपऱ्यात उरते, मग थांबते. लस घेतलेल्या पिल्लाची नळी घेऊन हाच प्रयोग केला आणि केस हलत राहिले, तर लस लागली असं समजतात. जगभर आयबीच्या लशींची परीक्षा आजही अशी होते. मला हा निकष फार आवडतो. रक्तात प्रतिपिंडं किती आहेत हे मोजण्यापेक्षा झाडणारा अजून झाडतो आहे का, हे तो पाहतो.

आता पेशीच्या मरणाकडे वळू. गंमत अशी, की मरण हा पेशीच्या कामाचाच भाग असतो हे ज्या प्रयोगांनी शिकवलं, त्यांतले कितीतरी कोंबडीच्या अंड्यावरच झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीतल्या तुरीनमध्ये रिटा लेव्ही-मोंताल्चिनी ही तरुण ज्यू डॉक्टर वंशभेदी कायद्यांमुळे विद्यापीठाबाहेर फेकली गेली. तिनं घरातच प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या भ्रूणातल्या मज्जापेशी पाहत बसली. भ्रूणाचा पाय होऊ घातलेला अंकुर काढून टाकला की त्याच्याकडे निघालेल्या मज्जापेशी वाढतात आणि मग मरतात, हे तिच्या ध्यानात आलं. त्याच धाग्यावर पुढे अमेरिकेत तिचं काम उभं राहिलं आणि १९८६ चं नोबेल तिला मिळालं. जॉन साँडर्स यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या पंखात कोणत्या पेशी कधी मरणार हे आधीच ठरलेलं असतं असं दाखवलं आणि १९६६ साली त्यावर लिहिलं. कोंबडीच्या पायाची बोटं सुटी होतात ती बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात म्हणून. बदकात त्या जागच्या पेशी बऱ्याच प्रमाणात वाचतात आणि पडदा राहतो.

१९७२ साली केर, वायली आणि करी यांनी या ठरवून येणाऱ्या मरणाला अपॉप्टोसिस असं नाव दिलं. अशी मरणारी पेशी फुटत नाही. ती आकसते, आपली जनुकीय सामग्री ठरावीक लांबीच्या तुकड्यांत कापते, स्वतःची लहान लहान गाठोडी करते. पडद्याच्या आतल्या बाजूला राहणारा एक स्निग्ध रेणू ती बाहेरच्या बाजूला आणते. शेजारच्या भक्षक पेशीला ती खूण पुरते. गाठोडी गिळली जातात आणि आजूबाजूला दाह होत नाही. दुसऱ्या प्रकारचं मरण गोंधळाचं असतं. पेशी फुगते, फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं, दाह पेटतो, रक्तवाहिन्या झिरपू लागतात. टेबलावर पाहिलेलं बूच या दुसऱ्या मरणाच्या वाटेवरचं.

विषाणू पेशीत शिरला आणि पेशीला ते लवकर कळलं, तर अपॉप्टोसिसनं मरणं हा तिचा सगळ्यात शहाणा निर्णय असतो. विषाणूच्या हजारो प्रती तयार होण्याआधीच कारखाना बंद. शेजारणी वाचतात. शेजारणींना सावध करणारा इंटरफेरॉन हा रेणूही कोंबडीच्या अंड्यातच सापडला. लंडनमध्ये १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडनमान यांना, अंड्याच्या पडद्यावर फ्लूचा विषाणू ठेवून केलेल्या प्रयोगात. पण विषाणू या खेळात नवखा नाही. त्याला पेशी काही तास जिवंत हवी असते आणि मग, नव्या प्रती तयार झाल्या की, ती मेली तरी चालते. मेली तर प्रती बाहेर पडायला बरंच. आयबीच्या विषाणूवर सिंगापूरमध्ये लिऊ यांच्या प्रयोगशाळेनं २०१३-१४ च्या सुमारास जे दाखवलं, त्यात ही रस्सीखेच दिसते. विषाणू पेशीच्या आतल्या प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्यावर एवढा ताण आणतो की जाळ्यावरचे पहारेकरी रेणू जागे होतात. त्यांच्यातला एक पेशीला तगवायला पाहतो, तर दुसऱ्याकडून निघालेला संदेश तिला मरणाकडे नेतो. कोणाचा जोर आधी लागतो, त्यावर त्या पेशीचं काय व्हायचं ते ठरतं.

फ्लूच्या बाबतीत कोंबडीची अडचण आणखी एक आहे. कॅनडातल्या कॅथरीन मॅगर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवलं, की पेशीत शिरलेल्या फ्लूच्या विषाणूचा आरएनए ओळखणारा आरआयजी-आय नावाचा पहारेकरी बदकात आहे, कोंबडीत नाही. जो फ्लू बदकं अंगावर काढतात, त्यानं कोंबडी का कोसळते, याची काही अंशी उकल इथे होते. वंशाच्या लांबच्या प्रवासात कोंबडीनं हा पहारेकरी गमावला. ती त्याच्यावाचून कशीबशी निभावून नेते आहे.

महाराष्ट्राला याचा फटका २००६ साली बसला. भारतातला एच-पाच-एन-एक बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात त्या वर्षी १८ फेब्रुवारीला जाहीर झाला. २०१५ च्या एप्रिलात हैदराबादच्या वेशीवर, हयातनगरजवळच्या तोरूरमध्ये तो आला. २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा नवापुरात बर्ड फ्लू उमटला. हा तीव्र विषाणू श्वासनळीपुरता थांबत नाही. विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन कापलं गेल्याशिवाय तो पेशीत शिरू शकत नाही. सौम्य विषाणूचं प्रथिन कापणारी विकरं श्वासमार्गात आणि आतड्यातच मिळतात, म्हणून त्याची मजल तेवढीच. तीव्र विषाणूचं प्रथिन शरीरातल्या कोणत्याही पेशीत कापलं जातं. मग रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशीच मरू लागतात, तुरा निळा पडतो, पायांवर रक्ताचे डाग उठतात आणि दोन दिवसांत शेड रिकामी होते. तिथे पिल्लाच्या बचावाविषयी बोलण्यात अर्थ उरत नाही.

राणीखेतचं गणितही असंच कापल्या जाणाऱ्या प्रथिनावर फिरतं. हा रोग १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलला दिसला. लगेच कुमाऊँच्या राणीखेतला तो आढळला आणि आपल्याकडे त्या गावाचं नाव त्याला चिकटलं. मराठी शेतकरी त्याला मानमोडी म्हणतो, तेलुगू शेतकरी कोक्केर तेगुलु. त्याच्या उग्र वाणात मान पिळवटलेली पिल्लं ज्यानं पाहिली, त्याला नावाचं कारण विचारावं लागत नाही. मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत हॅडो आणि इदनानी यांनी १९४० च्या दशकात अंड्यातून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केलेला वाण आजही आर-टू-बी लस म्हणून आठ आठवड्यांच्या कोंबड्यांना टोचतात. कोवळ्या पिल्लाला मात्र तो झेपत नाही. पिल्लासाठी एफ किंवा लासोटा हे वाण. २००८ साली बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की या विषाणूचं एकटं एचएन हे प्रथिनही कोंबडीच्या भ्रूणपेशींना अपॉप्टोसिसकडे ढकलू शकतं.

हे सगळं वाचताना माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलेली गोष्ट मात्र श्वासनळीच्या बाहेरची आहे. आयबीचा विषाणू काही वाणांत मूत्रपिंडात उतरतो आणि मादी पिल्लाच्या अंडनलिकेतही. कोंबडीला निसर्गानं सुरुवातीला दोन अंडनलिका दिलेल्या असतात. उजवी भ्रूणावस्थेतच जिरते. तिच्या पेशी ठरवून विरतात. उरते ती डावी. पिल्लू दोन आठवड्यांचं व्हायच्या आत आयबी झाला, तर या एकुलत्या एक नलिकेतल्या पेशींची हानी कायमची होऊ शकते. पिल्लू घरघर करतं, आठवड्या-दोन आठवड्यांत बरं होतं. श्वासनळीचं अस्तर पुन्हा उगवतं, केस पुन्हा हलू लागतात. कोंबडी छान वाढते, तुरा लाल होतो, डोळा तेजदार, चाल ऐटीची. आणि विसाव्या आठवड्यानंतर ती अंडंच देत नाही. पोल्ट्रीवाले तिला ‘फॉल्स लेयर’ म्हणतात. दिवसभर खाद्य खाणारी, पेटीत जाऊन बसणारी, दिसायला सगळ्यांत देखणी. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या लेयरवाल्याचं सगळं भांडवल पाच महिने खाद्यात गुंतलेलं असतं. दुसऱ्या आठवड्यातल्या चार दिवसांच्या शिंका तो तोवर विसरूनही गेलेला असतो. आजाराचा हिशेब मेलेल्या पिल्लांच्या संख्येत मांडायची आपली सवय इथे उघडी पडते. मर कमी होती, म्हणजे नुकसान कमी होतं, असं नाही.

आता लस. उबवणी केंद्रातच पिल्लांच्या ट्रेवर आयबी आणि राणीखेतच्या लशीचा जाड फवारा मारतात. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब. डोळ्यातच का? पक्ष्याच्या डोळ्यामागे हार्डेरियन नावाची ग्रंथी आहे, संरक्षक पेशींनी भरलेली, आणि डोळ्यातलं पाणी तिथून नाकात, गळ्यात उतरतं. एका थेंबात पूर्ण वाट सावध होते. लस नीट पोचली का हे पाहायला तिच्यात निळा रंग घालतात आणि पिल्लाची जीभ बघतात. पण ही जिवंत लस म्हणजे सौम्य विषाणूच. तोही श्वासनळीच्या पेशींतच वाढतो आणि त्यातल्या काही मारतो. लशीनंतर दोन-तीन दिवस पिल्लं थोडी शिंकतात ती यामुळे. निरोगी नळीला ही किंमत सहज पेलते. काही पेशी मुकाट मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात, आणि शरीर शिकून बसतं.

याच दिवसांत शेडमधली हवा बिघडलेली असली तर गणित फसतं. ओल्या तुसातून अमोनिया उठतो. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे पंचवीसहून अधिक भाग पिल्लाला सोसवत नाहीत. त्याच्या आगेमागेच श्वासनळीचे केस मंदावू लागतात, गळू लागतात. रोज शेडमध्ये वावरणाऱ्या माणसाचं नाक मात्र त्या वासाला सरावलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत हैदराबादची रात्र गारठते, पिल्लांना ऊब हवी म्हणून पडदे खाली सोडले जातात, लाकूड किंवा वीज वाचते. आत अमोनिया साचतो. त्यात लशीचा सौम्य विषाणू, त्यात बाहेरून आलेला आयबी किंवा एच नाइन. केस थांबलेल्या नळीतून ई. कोलाय सरळ हवेच्या पिशव्यांत उतरतो. मग टेबलावर ते पिवळं बूच दिसतं, हृदयाभोवती पांढरा पापुद्रा दिसतो आणि कागदावर लिहिलं जातं: ‘कोली’.

इथे माझं मत मी स्पष्ट लिहिते. मांसासाठीच्या बहुतेक ब्रॉयलर कोंबड्या आता करारावर वाढतात. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं, शेड, मजुरी, वीज शेतकऱ्याची, मोबदला किलोमागे. या मांडणीत औषध शेतकऱ्याला फुकट दिसतं आणि हवा महाग पडते. पंखा चालवायची वीज त्याची, पडदा उघडल्यावर जास्त लागणारं सरपण त्याचं. म्हणून विषाणूच्या आजारावर प्रतिजैविकं पाण्यातून जात राहतात आणि पडदा बंदच राहतो. माणसांतल्या शेवटच्या फळीतलं कोलिस्टिन हे प्रतिजैविक खाद्यप्राण्यांना देण्यावर केंद्र सरकारनं २०१९ च्या जुलैत बंदी घातली. ती योग्यच होती. पण विषाणूनं पाडलेल्या अस्तरावर कोणत्याही प्रतिजैविकानं नवी पेशी उगवत नाही, आणि जोवर कराराच्या दरपत्रकात हवा खेळती ठेवण्याचे पैसे वेगळे लिहिले जात नाहीत, तोवर हा खेळ थांबायचा नाही.

एच-नऊ-एन-दोन हा सौम्य म्हणून दुर्लक्षित राहिलेला पाहुणा होता. २०१९ साली मेळघाटातल्या एका बालकाच्या नमुन्यात तो सापडला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं ते नोंदवलं. भारतात माणसात तो पहिल्यांदा आढळला तो असा. मूल बरं झालं. २०२२ साली भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेनं या विषाणूविरुद्ध निष्क्रिय लस तयार करून तिचं तंत्र चार कंपन्यांना दिलं. त्यांत एक सिकंदराबादची आणि एक पुण्याची. मोठ्या शेडवाल्यांसाठी हे मोठं पाऊल आहे. तीव्र बर्ड फ्लूसाठी आपल्याकडे लस देत नाहीत. बाधित शेडमधली आणि भोवतालच्या पट्ट्यातली पाखरं मारून टाकणं हेच धोरण आहे.

आणि मोठी शेड नसलेली घरं? राजेंद्रनगरची वनराजा याच घरांसाठी घडवली गेली. आदिलाबादेत, किनवटात, मेळघाटात योजनांमधून तिची पिल्लं वाटली जातात. पावसाळ्याआधी किंवा थंडीच्या तोंडाला मानमोडी येते आणि आठवड्यात परस रिकामं होतं. राणीखेतची लस स्वस्त आहे, पण ती शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांच्या कुपीत मिळते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या बाईनं ती कशी आणायची, कुठे ठेवायची? ऑस्ट्रेलियातल्या पीटर स्प्रॅडब्रो यांनी आय-टू नावाचा उष्णतेत टिकणारा वाण याच प्रश्नासाठी तयार केला. टांझानिया आणि मोझांबिकच्या खेड्यांत गावातल्याच बायका तो डोळ्यात थेंब टाकून देतात. तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठानं खाद्यातून देता येणाऱ्या गोळ्यांची राणीखेत लस काढली आहे. म्हणजे ज्ञान आहे, वाण आहे, आपल्या देशात बनवणारेही आहेत. पिल्लं वाटणाऱ्या प्रत्येक योजनेत पिल्लांच्या खोक्याबरोबर दहा मात्रांची, बर्फाशिवाय टिकणारी लस आणि ती टाकायला शिकवलेली गावातली एक बाई, एवढा खर्च आधीच धरायला हवा. पिल्लू सात दिवसांचं असतं तेव्हा तो थेंब डोळ्यात पडायला हवा. महिन्याभरानं गावात येणाऱ्या गाडीची वाट पाहून चालणार नाही.